जामिनाच्या दिवशी तू कुठं होतास?

मोर्चाला आपण असतो, त्यात वाद नाही. घोषणा देताना नरड्याच्या शिरा फुगतात, निळे झेंडे फडफडतात, तहसीलदार खुर्चीतून उठून निवेदन घेतो, फोटो निघतो. अन् संध्याकाळच्या गाडीनं आपण पिंपरीला, येरवड्याला, घाटकोपरला परत. ज्या बाईपायी हे सगळं केलं ती वस्तीतच राहते. तिचं घर तिथं, रेशनकार्ड तिथं, पोरांची शाळा तिथं, आणि ज्याच्यावर तिनं केस घातली त्याचा बांधही तिथंच.

मग काही दिवसांनी आरोपीला जामीन होतो. तो गावात येतो. वेशीपासून हलगी वाजते, फटाक्याची माळ लागते, गुलाल उधळतात. रात्री दोन मोटारसायकली तिच्या दारावरून चारदा जातात. कोणी शिवी देत नाही, कोणी हात लावत नाही. नुसता हॉर्न. आत ती कडी लावून पोरांना जवळ घेऊन बसलेली. दोस्ता, त्या रात्री तू कुठं होतास?

हा प्रश्न मी मलाही विचारतोय. उत्तर सोपं आहे. आपण घरी होतो. आपल्याला जामिनाची तारीखच ठाऊक नव्हती.

जामिनाचा दिवस काय असतो ते खैरलांजीनं दाखवलंय. आपण खैरलांजी म्हटलं की चार प्रेतं आठवतो. मी त्याच्या आधीचे दिवस आठवायला सांगतोय. भंडारा जिल्ह्यातलं हे गाव. ३ सप्टेंबर २००६ ला सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. कोणी मारलं ते सुरेखा भोतमांगे आणि तिची पोरगी प्रियंका यांनी पोलिसांना सांगितलं. बास, एवढाच गुन्हा. दोन बायांनी नावं घेतली. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी संध्याकाळी जमाव भोतमांग्यांच्या झोपडीवर आला. सुरेखा, प्रियंका, सुधीर, रोशन, चौघं संपवली. भैयालाल तेवढा वाचला आणि २०१७ मध्ये न्यायाची वाट बघत गेला.

महाराष्ट्रभर आपण पेटलो ते नोव्हेंबरात. महिना उलटून गेल्यावर. पुढं कोर्टानं २००८ ला सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, २०१० ला हायकोर्टानं फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. पण यात जात नव्हती म्हणे! अॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही. बाईच्या देहावर जे झालं त्याचंही कलम टिकलं नाही. यावर आपण पुष्कळ बोललो, पुढंही बोलू. पण ३ ते २९ सप्टेंबर हे सव्वीस दिवस आपल्या बोलण्यात कधी येत नाहीत. दोन बाया जबाब देऊन त्याच गावात, त्याच झोपडीत राहत होत्या. पाणी त्याच गावातलं, रस्ता तोच. त्या सव्वीस दिवसांत एक जीप, चार पोरं, एक वकील तिथं पोचला असता तर काय झालं असतं, हे मला ठाऊक नाही. कुणीच सांगू शकत नाही. पण पोचलं कोणी नाही, एवढं पक्कं.

आपली चळवळ तर बाईवरच्या अत्याचाराच्या संतापातूनच उभी राहिली. १९७२ साल. परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला दोन दलित बायांना नागवं करून धिंड काढली. राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात हिशोब मांडला. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर तीनशे रुपये दंड, आमच्या बाईचं लुगडं फेडलं तर पन्नास. देश हादरला. कापडाच्या अपमानावर हादरला, लुगड्याच्या नाही, ती गोष्ट वेगळी. तरीसुद्धा तो हिशोब पुढं आला म्हणून पँथर घराघरात गेली.

आता एक कडू गोष्ट. १९७४ ला अकोला जिल्ह्यातल्या धाकलीत गवई बंधूंचे डोळे काढले. पँथरनी तो विषय पंतप्रधान इंदिरा गांधींपर्यंत नेला. डोळे का काढले? पाटलाच्या पोरानं गवईंच्या पोरीला लग्नाच्या नावाखाली फसवलं, तिला दिवस गेले, म्हणून हे जाब विचारायला गेले. गवई बंधू आपल्याला माहीत आहेत. भाषणात येतात, कवितेत येतात. त्या पोरीचं पुढं काय झालं? ती कुठं राहिली, पोराला घेऊन कुणाच्या दारात गेली? आपल्या इतिहासात तिला एक ओळ नाही. फुटलेले डोळे दिसतात तरी, वाढलेलं पोट दिसलंच नाही आपल्याला.

तेव्हा दूरची नावं घेणं पुरे. आपल्या मुलखात येऊ. जुन्नर आणि आंबेगाव.

आपला मुलूख बाईच्या थोरवीचा, असं भाषणात नेहमी येतं. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख, दोन हजार वर्षांचा. शिवनेरीवर जिजाऊ. इकडच्या कुठल्याही पुढाऱ्याच्या हातात माईक द्या, दोन मिनिटांत तो नाणेघाट चढून शिवनेरीवर उतरतो. मग हमखास रांझ्याचा पाटील. शिवाजी महाराजांनी १६४६ ला त्याचे हातपाय तोडले, कारण त्यानं बदअंमल केला. टाळ्या पडतात. पण त्या गोष्टीतलं दुसरं वाक्य कोणी सांगत नाही. त्याची पाटीलकी काढून घेतली. हातपाय तोडा म्हणून आज सगळेच ओरडतात, फुकट आहे ते. पाटीलकी कोण काढतंय? आरोपीचा बाप सोसायटीचा चेअरमन असेल तर तो चेअरमनच राहतो. भाऊ सदस्य असेल तर तो १५ ऑगस्टला झेंड्याजवळ पहिल्या रांगेत उभा राहतो. ज्या तोंडानं जिजाऊंचा जयजयकार होतो त्याच तोंडानं वस्तीवर येऊन सांगतात, "ताई, मिटवून घ्या. पोरीचं लगीन व्हायचंय अजून."

हे मिटवणं म्हणजे काय ते शहरातल्या पोरांना नीट कळत नाही. आपल्याला वाटतं, धमकी म्हणजे तलवार. इकडं तलवार क्वचित निघते. इकडं काम बंद होतं. बाई नारायणगावच्या टोमॅटोवर जाते, मंचर-ओतूरच्या कांद्यावर जाते, द्राक्षाच्या बागेत जाते. मुकादमाला निरोप येतो, उद्यापासून तिला आणू नको. दुसऱ्या बागेत जाते तिथंही तेच, कारण बागाईतदार एकमेकांचे पाहुणे. मग दुकानदार उधारी मागतो, इतके दिवस मागत नव्हता. मग तिच्या दिरावर, नवऱ्यावर उलटी केस पडते. मोटार चोरली, घरात घुसून मारलं, गळ्यातली चेन हिसकावली. आता दोन्हीकडं केस झाली म्हणजे 'तुम्ही मागं घ्या, आम्ही मागं घेतो' म्हणायला रस्ता मोकळा.

त्यात सरकारनं २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम काढली. कल्पना वाईट नाही. बांधाचं, पाण्याचं भांडण गावात मिटलं तर कोर्टात मरायला नको. पण गावाला बक्षीस हवं असतं, आणि पाटीवर 'तंटामुक्त' लिहायचं तर बाईनं तंटा करायचा नसतो. बलात्काराचा, अॅट्रॉसिटीचा गुन्हा मिटवायचा अधिकार कुठल्याही समितीला नाही. तरी बैठक बसते. देवळाच्या पारावर बसते, जिथं ती बाई एरवी चढू शकत नाही. तिथं तिला बोलावतात, मधोमध उभी करतात आणि विचारतात, काय काय झालं ते सगळ्यांपुढं सांग.

एक बारीक गोष्ट सांगतो. आपल्याकडं बिबट्या फार. उसात राहतो, रात्री बाहेर येतो. बिबट्या दिसला की गाव वनखात्याला फोन करतं, माणसं येतात, पिंजरा लावतात, माणिकडोहला निवारा केंद्र आहे तिथं घेऊन जातात. बाईला कोणी विचारत नाही, तू त्या वेळी उसाकडं का गेली होतीस, तुझं बिबट्याशी काही होतं का. दोन पायाचा उसातून निघाला की मात्र हेच प्रश्न पहिले.

आणि दारात पहिला माणूस कोण येतो? बागाईतदार नाही येत. आपलाच येतो. वस्तीतला, गळ्यात निळा पट्टा टाकणारा, कुठल्या तरी गटाचा तालुकाध्यक्ष. त्याला समाजमंदिराचा निधी हवा असतो, पोराला कारखान्यात चिकटवायचं असतं. तो आतल्या खोलीत बसून चहा पितो आणि हळू आवाजात आकडा सांगतो. पन्नास रुपयांचा दंड १९७२ ला सरकारनं लावला होता. आता त्याचे पन्नास हजार झाले असतील, पण दर ठरवणारे आपल्यातले झाले, ही प्रगती.

त्यावर गाव म्हणतं, बाईनं सरकारचे पैसे खायला केस घातली. अॅट्रॉसिटीच्या नियमात पीडितेला टप्प्याटप्प्यानं अर्थसाहाय्य आहे, ते तिच्या हक्काचं आहे. काम बंद झालेली बाई जगणार कशावर? पण हा टोमणा आपल्या पोरांनासुद्धा लागतो, आपलीच पोरं खाली मान घालतात. कशापायी?

तक्रार करायचीच नाही, अशी सोय जिथं पिढ्यान् पिढ्या लावून ठेवलीय ती जागा बघायची असेल तर पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला या. पुणे-नाशिक रस्त्याला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या जत्रांचे पंच येतात, सुपारी ठरते, तारखा लिहिल्या जातात. चैत्र-वैशाखात हे फड रात्री एका गावात, सकाळी दुसऱ्या गावात. ट्रकमध्ये झोप, रानात आंघोळ. बोर्डावर नाचणारी बाई बहुतेक आपल्याच जातींतली. मांग, कोल्हाटी, महार. अन् कनातीपुढं दारू पिऊन बसलेलं गाव. खडा येतो, बाटली येते, बोर्डावर चढून हात धरतात, नाच थांबला की खुर्च्या मोडतात. फडमालक काय करतो? हात जोडतो. पोलिसात गेला तर पुढच्या वर्षी त्या गावाची सुपारी जाते, आणि पंच पंचाला सांगतो म्हणून शेजारच्या दोन गावांचीही जाते. बाई काय करते? तोंडाला पुन्हा पावडर लावते. पहाटे ट्रक निघून गेला की त्या गावात काही घडलंच नव्हतं. फिर्यादीच नाही तर गुन्हा कुठला?

विठाबाई नारायणगावकर याच मातीतली. फडाच्या नावातच 'मांग' होतं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान झाला, २००२ ला हालात गेली, आता तिच्या नावानं सरकार पुरस्कार देतं. तिची एक गोष्ट सगळे सांगतात. पोटात कळा सुरू असताना ती बोर्डावर नाचत होती, आत गेली, बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर आली. सांगणारे डोळे पुसतात. म्हणतात, काय ही कलेची निष्ठा! असेल निष्ठा, विठाबाई मोठीच होती. पण मला त्या कनातीपुढच्या गर्दीविषयी कोणी काही सांगत नाही. ओल्या बाळंतिणीला पुन्हा उभं राहावं लागतं ती गर्दी कसली असेल? 'आज बाई नाचणार नाही' एवढं म्हणायची सोय त्या रात्री कुणाला होती? आपण त्याला निष्ठा म्हणतो, कारण धाक म्हटलं तर पुढं बसलेल्यांत आपले बापजादेही निघतील.

इथं आपली स्वतःची एक गाठ आहे, ती सोडवली पाहिजे. १६ जून १९३६ ला बाबासाहेबांनी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, कामाठीपुऱ्यातल्या बाया यांच्यापुढं भाषण केलं. हे जिणं सोडा, म्हणाले. बरोबरच म्हणाले. महार समाजानं तमाशा सोडला, नाचणं सोडलं, शिकला. पण सोडलेल्यांनी न सोडलेलीकडं कसं बघितलं? लाज म्हणून बघितलं. बाबासाहेबांनी ते जिणं धिक्कारलं, आपण त्या बायांना धिक्कारलं. म्हणून फडातल्या पोरीवर बाटली फुटते तेव्हा आपलं निवेदन निघत नाही. ती मांगाची आहे, ती कोल्हाट्याची आहे, ती 'तसलीच' आहे. हे शब्द मी वरच्या आळीत ऐकलेले नाहीत, आपल्या बौद्धवाड्यात ऐकलेत.

तमाशातली बाई पहाटे निघून जाते, तशीच आणखी एक बाई आहे जी फिर्याद द्यायला थांबू शकत नाही. नारायणगावला मजुरांचा अड्डा भरतो. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातले, अकोल्याच्या डोंगरातले महादेव कोळी, ठाकर, कातकरी खाली उतरतात. डिंभे धरणानं ज्यांची भातखाचरं गेली त्यांच्याही लेकी त्यात. सकाळी बागाईतदार गाडी घेऊन येतो, बाया बघतो, बोटानं निवडतो. संध्याकाळी परत सोडतोच असं नाही, मुक्कामी कामही असतं. तिथं काही झालं तर ती पोरगी कुठल्या ठाण्यात जाणार? ज्याच्या गाडीतून आली त्याच्याच गाडीतून? विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या उसावर येणाऱ्या कोयत्याच्या बाईचं तसंच. कोपीला दार नाही. पट्टा पडला की टोळी गावी. तारीख पडेल तेव्हा ती दोनशे मैलांवर असते, समन्स 'पत्त्यावर आढळून आली नाही' असा शेरा घेऊन परत.

मथुराही अशीच आदिवासी पोरगी. १९७२ ला, ज्या वर्षी पँथर जन्मली त्याच वर्षी, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. सत्र न्यायालयानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं १९७८ ला पुन्हा सोडलं. अंगावर जखम नाही, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती! १९७९ ला उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या चौघा प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीत, ताब्यात असताना घडलं असेल आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणत असेल तर कोर्टानं तसंच धरून चालायचं. कोर्टाला हे शिकवायला अकरा वर्षं लागली. गावाला अजून शिकवायचंय. ती गप्प आहे म्हणजे मिटलं, असं आजही पंच म्हणतात.

आणि आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, आमच्या आयाबहिणींची अब्रू. हा शब्द आपल्या प्रत्येक पत्रकात असतो. मला तो नकोय. अब्रू कुणाची? बापाची, भावाची, जातीची. बाईवर अत्याचार करणारा तिच्या जातीची अब्रू घ्यायला निघालेला असतो, आणि आपणही तेच मोजमाप मान्य करतो. मग अब्रू झाकायला पहिलं काम काय? तिला घरात ठेवणं. पोरीची शाळा बंद, लग्न उरकणं. तिला मार बसला, तिचं काम गेलं, तिची झोप गेली, असं साधं लिहा ना पत्रकात.

अब्रूच्या भाषेनं काय होतं ते २०१६ ला दिसलं. कोपर्डीत एका पोरीवर अत्याचार करून तिला मारलं. ती मराठा होती, आरोपी दलित होते. पुढच्या मूक मोर्चांत फाशीच्या मागणीबरोबर अॅट्रॉसिटी कायदा रद्द करा, बदला, हीही मागणी आली. एका पोरीच्या मरणाचा उपयोग दुसऱ्या पोरींचा कायदा काढून घ्यायला. तो डाव आपण ओळखला, त्याविरुद्ध लाखोंनी रस्त्यावर आलो. चांगलं केलं. पण कोपर्डीच्या त्या पोरीसाठी आपल्यातले किती जण स्पष्ट बोलले? आरोपी आपल्या जातीचे म्हणून आपली जीभ जड झाली होती, हे आता तरी मान्य करू. काही जण बोलले, त्यांना आपल्याच लोकांनी गप्प केलं. पाटलाच्या घरात जे चालतं त्याला आपण जातीयवाद म्हणतो, तेच आपल्या घरात चाललं की त्याला समाजाची एकी म्हणायचं?

घराचाही विषय काढतोच. मलिका अमरशेख यांनी १९८४ मध्ये 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' लिहिलं. पँथरच्या घरात बाईचं काय होत होतं ते लिहिलं. पुस्तक गाजलं, आपण कुजबुजलो आणि कपाटात ठेवलं. संध्याकाळी सभेत मनुस्मृती जाळून आल्यावर रात्री बायकोला लाथ घालणारा कार्यकर्ता तुझ्या माझ्या ओळखीचा आहे. कदाचित तो तूच आहेस. तुझ्या शाखेतल्या बाईला जर तुझीच भीती वाटत असेल तर जुन्नरच्या वस्तीतली बाई तुला मदतीला बोलावील कशाला?

करायचं काय मग? मला भाषण नको, वही हवी. एक शंभर पानी वही. तिच्यात दोन तालुक्यांतली बाईवरच्या अत्याचाराची प्रत्येक केस, ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर, कलमं, तपास कोणाकडं आणि पुढची तारीख. आपली जात, दुसऱ्याची जात, आदिवासी, तमाशातली, कोयत्याची, सगळ्या. आपल्यापैकी एकाला तरी आज जुन्नरच्या कोर्टात किंवा घोडेगावच्या कोर्टात अशा किती केसेस पडून आहेत ते सांगता येईल? ऐतिहासिक भाषणांच्या तारखा सगळ्यांना पाठ.

कायदा म्हणशील तर कागदावर पुष्कळ आहे, आणि तो लढूनच मिळालाय. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा, त्यात दुरुस्ती होऊन २६ जानेवारी २०१६ पासून कलम १५अ आलं. त्या कलमानं पीडितेला जामिनाच्या अर्जाची वेळेत खबर मिळाली पाहिजे आणि जामिनाला विरोध करायला कोर्टात तिचं ऐकलं गेलं पाहिजे. २०२१ ला हरिराम भांभीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे बंधनकारक आहे, आणि तिकडच्या बाजूला न ऐकता दिलेला जामीन रद्द केला. २ एप्रिल २०१८ ला आपण भारत बंद केला, अटकपूर्व जामिनावरची बंदी संसदेकडून परत आणली, जीव गेले त्यात. आणि त्याच कायद्यातलं हे कलम वापरायला कोर्टात सकाळी माणूस नसतो! बाई एकटी बाकड्यावर बसते. समोरून आरोपीची पंधरा माणसं पांढऱ्या कपड्यांत येतात, वकिलाला नमस्कार घालतात, तिच्याकडं बघून हसतात.

आरोपी आपल्यातलाच असेल तर अॅट्रॉसिटी लागत नाही, पण साक्षीदार संरक्षण योजना २०१८ पासून सगळ्यांना आहे, पोलीस अधीक्षकाकडून धोक्याचा अहवाल मागवता येतो. ठाण्यात एफआयआर घेत नसतील, 'हद्द आमची नाही' म्हणत असतील तर शून्य नंबरनं गुन्हा दाखल करता येतो. १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते लिहूनच ठेवलंय. कोयत्याच्या बाईला बीडला जाऊनही फिर्याद देता येते, हे तिला कोणी सांगायचं? बलात्काराची, नागवं केल्याची फिर्याद नोंदवली नाही तर खुद्द पोलिसाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाणे अंमलदारापुढं हे कलम शांतपणे म्हणून दाखव, शिवी देऊ नको. शिवीनं त्याला सोपं जातं. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या माणसानं करायचा नाही, केला तर पुढं कोर्टात त्याच एका कारणानं आरोपीचा वकील उड्या मारतो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच बघून घ्यायचं. पीडितेला आणि साक्षीदाराला प्रवासभत्ता, बुडालेली मजुरी, जेवणखर्च मिळतो, १९९५ च्या नियमांत आहे. तो मागायला अर्ज लागतो. अर्ज लिहायला शिकलेलं पोर लागतं. आपण शिकलो ते कशासाठी?

त्या बाईला काय हवं ते तिला विचारायचं, हे मात्र आधी. आपण परस्पर पत्रकार परिषद घेतो, तिचं नाव फुटतं, गावाचं नाव, बापाचं नाव, सगळं. अत्याचार झालेल्या बाईची ओळख छापणं गुन्हा आहे आणि तो आपण निळ्या बॅनरवर केलेला आहे. तिला केस लढायची नसेल, गाव सोडायचं असेल, तर तेही ऐकायचं. खोली बघून द्यायची, पोरांचे शाळेचे दाखले काढून द्यायचे. तिच्याबरोबर ठाण्यात बाई कार्यकर्ती गेली पाहिजे, चार पोरांचं टोळकं नाही. आपल्याकडं बाई कार्यकर्त्या किती आहेत ते मोज, मग गप्प का आहेत ते त्यांना विचार.

मुंबईत, पुण्यात आपल्या प्रत्येक गावाचं मंडळ आहे. जयंतीची वर्गणी काढतं, विहार बांधायला पैसे पाठवतं, जत्रेला गाडी करतं. त्याच मंडळानं वर्षातून चार तारखा वाटून घ्याव्यात. चार जणांनी एक दिवस रजा टाकायची, कोर्टात जाऊन तिच्या मागच्या बाकड्यावर बसायचं. घोषणा नाही, फोटो नाही. ती साक्षीला उभी राहिली की तिनं मागं वळून बघितलं तर ओळखीचं तोंड दिसलं पाहिजे. केस सात-आठ वर्षं चालेल. कंटाळा येईल. सरकारी वकील बदलेल, पंच फितूर होईल, आरोपी निवडून येईल. निर्दोषही सुटेल कदाचित.

आणि ज्या दिवशी जामीन होईल त्या रात्री तिच्या ओट्यावर जाऊन झोपायचं. चारपाच जण, एक सतरंजी, एक कंदील नाहीतर मोबाईलची बॅटरी. मोटारसायकली येतील, हॉर्न वाजवतील. वाजवू देत.

वाकडेवाडीच्या स्टँडवरून नारायणगावची एसटी पहाटेपासून आहे. कोर्ट अकराला बसतं.